घर आपलं, राउटर कुणाचा?

टीव्हीच्या मागे किंवा दारावरच्या फळीवर एक डबी लुकलुकत असते. राउटर. दर महिन्याला आपण त्याचं बिल भरतो आणि बंद पडला की दोनदा ऑफ-ऑन करतो, त्यापलीकडे त्याची आठवण येत नाही. या डबीला बाहेरून आत यायची दोन दारं आहेत. एक तुमच्यासाठी, म्हणजे तुम्ही परगावी असताना घरच्या राउटरपर्यंत पोहोचावं म्हणून. दुसरं कंपनीसाठी, म्हणजे तिला घरी माणूस न पाठवता राउटर हाताळता यावा म्हणून. गेल्या वीस वर्षांत पहिलं दार हळूहळू बंद झालं आणि दुसरं उघडं राहिलं. हे कसं झालं आणि त्यात तुमचंआमचं काय गेलं, ते आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात पत्त्यापासून करू. इंटरनेटवरच्या यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, आयपी ॲड्रेस. आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली पत्त्यांची पद्धत १९८१ साली ठरली. त्यात एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. तेव्हाचं नेटवर्क म्हणजे काही विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि अमेरिकेचं संरक्षण खातं. एवढे पत्ते कधी संपतील असं कुणाला वाटणार?

पण नव्वदच्या दशकात वेब आलं आणि पत्ते पुरणार नाहीत हे दिसायला लागलं. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक तोडगा कागदावर मांडला. त्याचं नाव नॅट. बाहेरच्या जगाला एकच पत्ता दाखवायचा, आत हवी तेवढी यंत्रं ठेवायची. आपल्या सोसायटीसारखंच म्हणा ना. सोसायटीचा पत्ता एक, आत फ्लॅट नंबर वेगवेगळे. पोस्टमन गेटपर्यंत येतो, पुढचं वॉचमन बघतो. त्याच सुमारास आतल्या फ्लॅटसाठी वेगळे खासगी पत्तेही राखून ठेवले गेले. राउटरच्या स्टिकरवर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसतो ना, तो त्यातलाच. गंमत म्हणजे १९९४ च्या त्या कागदातच हा थोड्या काळापुरता इलाज आहे असं लिहिलं होतं. आपल्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचं जे होतं तेच पुढे या इलाजाचं झालं. कायमचा होऊन बसला.

या इलाजाचा एक परिणाम नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. तुम्ही आतून पत्र पाठवलं की त्याचं उत्तर वॉचमन बरोबर तुमच्या फ्लॅटला पोहोचवतो. पण बाहेरून कुणी स्वतःहून आलं तर 'कुणाकडे जायचंय?' हे वॉचमनला कळत नाही. तो सरळ परत पाठवतो. म्हणजे बाहेरून घरात शिरायचं असेल तर वॉचमनला आधी सांगून ठेवावं लागतं, की अमुक नंबरवर कुणी आलं तर अमुक फ्लॅटला पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. आणि खुद्द वॉचमनशीच, म्हणजे राउटरशीच बाहेरून बोलायचं असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'रिमोट मॅनेजमेंट' नावाचा पर्याय चालू करावा लागतो.

आपल्याकडे इंटरनेट सामान्य माणसाला मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. फोनच्या तारेवरून, किर्रर आवाज करत. तेव्हा घरात राउटर हा प्रकारच नव्हता. संगणक थेट जोडला जायचा आणि जोडलेला असेपर्यंत जगातला एक सार्वजनिक पत्ता त्याचा असायचा. २००४ मध्ये केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात होती! २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलनं घरोघरी ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली. मुंबईत एमटीएनएल, बाकी महाराष्ट्रात बीएसएनएल. फोनच्या त्याच तांब्याच्या तारेवर, पण आता चोवीस तास चालू आणि मध्ये एक मोडेम कम राउटर.

त्या काळात तुमचं दार उघडं होतं. राउटरला सार्वजनिक पत्ता मिळायचा. तो रोज बदलायचा, हाच एक त्रास. मोडेम बंद करून चालू केला की नवा पत्ता. मग ऑफिसातून घरच्या मशीनला जोडायचं तर आजचा पत्ता कळणार कसा? यावर उपाय आधीच निघाला होता. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निकच्या काही विद्यार्थ्यांनी डायनडीएनएस नावाची सेवा सुरू केली होती. पत्ता बदलत राहू दे, नाव कायम. राउटर दर वेळी त्यांना 'माझा नवा पत्ता हा' असं कळवायचा आणि तुम्ही जगात कुठूनही त्या नावानं घरी पोहोचायचात. बरीच वर्षं ही सेवा फुकट होती. आपल्याकडची कॉम्प्युटर जुळवणारी पोरंसुद्धा ती वापरायची. घरच्या मशीनवर रात्रभर डाउनलोड लावून ऑफिसातून बघणारे माझे चार-पाच मित्र होते. मोठी गोष्ट नव्हे, पण नेटवर्कवर तुमचं स्वतःचं एक घर होतं आणि त्याला पत्ता होता.

आता दुसऱ्या दाराची गोष्ट.

लाखो घरांत मोडेम बसल्यावर कंपन्यांपुढे खरीच अडचण उभी राहिली. 'साहेब, नेट बंद आहे' असा फोन आला की प्रत्येक वेळी माणूस पाठवायचा? सेटिंग चुकलं की माणूस, नवं फर्मवेअर टाकायचं की माणूस. परवडणार कसं? म्हणून मे २००४ मध्ये डीएसएल फोरम या उद्योगसंघटनेनं एक मानक जाहीर केलं. नाव टीआर-०६९. कामकाज असं. राउटर चालू झाला की तो कंपनीच्या एका सर्व्हरला हजेरी देतो. सर्व्हर त्याला सांगू शकतो, हे सेटिंग बदल, नवं फर्मवेअर घे, रीस्टार्ट हो. कंपनीला मध्येच काम निघालं तर ती राउटरचं एक ठरावीक दार वाजवते, बहुतेक वेळा पोर्ट ७५४७, आणि राउटर लगेच सर्व्हरला उलट हाक देतो. या मानकाबरोबर जी माहितीची रचना ठरली, तिच्यात घरात कुठली कुठली यंत्रं राउटरला जोडली आहेत त्याची यादी वाचायचीही सोय आहे.

ही सोय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. साताऱ्याजवळच्या आमच्या गावच्या घरी आई एकटी असते. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिथलं वायफाय गेलं. मी पुण्यातून तालुक्याच्या केबलवाल्याकडे फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, आज्जीला उठवू नका. मी हितनंच बघतो." दोन मिनिटांत वायफाय चालू. आईला जागचं हलावंही लागलं नाही. दुसऱ्या दाराचा हा खरा उपयोग आहे आणि तो मान्य करायलाच हवा.

मग मी त्याला विचारलं, की मलाही पुण्यातून हा राउटर बघता आला तर बरं होईल. विहिरीजवळ कॅमेरा लावायचा होता, त्याचं चित्र थेट घरच्या मशीनवर ठेवायचं होतं. तो म्हणाला, "पब्लिक आयपी नाय मिळत काका. स्टॅटिक घ्यावा लागंल, त्याचं येगळं पैसं. आन् ॲडमिनचा पासवर्ड कंपनी कुणालाच देत न्हाई." म्हणजे तालुक्यातला तो मुलगा आमच्या माजघरातल्या राउटरमध्ये शिरू शकतो आणि मी, ज्याच्या नावावर कनेक्शन आहे, तो शिरू शकत नाही. त्या पोराचा यात काडीचा दोष नाही. ही व्यवस्थाच तशी घडत गेली आहे.

तुम्ही म्हणाल, बरंच आहे की! लोकांना पासवर्ड दिले तर ते काय करतील? या प्रश्नात दम आहे, कारण दार उघडं असण्याचे परिणाम जगानं भोगले आहेत. तोही इतिहास सांगतो.

राउटर कारखान्यातून निघाला की त्याचं नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. लाखो डब्यांना एकच किल्ली. २०११ मध्ये ब्राझीलमध्ये हल्लेखोरांनी मोडेममधल्या एका दोषाचा फायदा घेऊन जवळपास ४५ लाख मोडेमांची सेटिंग बाहेरून बदलली. बदललं काय, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी डिरेक्टरी. माणूस बँकेचं बरोबर नाव टाइप करायचा आणि पोहोचायचा चोराच्या खोट्या पानावर. संगणकात व्हायरस नाही, काही नाही. दिशा चुकवणारा घरचाच वॉचमन होता.

२०१२ मध्ये एका अनाम संशोधकानं पासवर्ड नसलेली किंवा ॲडमिन-ॲडमिनसारखा पासवर्ड असलेली सुमारे ४ लाख २० हजार उपकरणं ताब्यात घेतली आणि त्यांच्याकडून सगळ्या इंटरनेटची शिरगणती करून घेतली. मार्च २०१३ मध्ये आकडे जाहीरही केले. त्यानं चोरी केली नाही, पण दारं किती उघडी आहेत ते जगाला दाखवून दिलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये जर्मनीत फ्रिट्झबॉक्स नावाच्या लोकप्रिय राउटरच्या दूरस्थ प्रवेशाच्या सोयीतून लोक आत शिरले आणि घरमालकांच्या फोनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांना कॉल लावले. बिल अर्थातच घरमालकाला.

इथपर्यंत वाटेल की कंपनीनं सगळं आपल्या हातात ठेवलं तेच शहाणपणाचं. थांबा. कंपनीच्या दाराचं काय झालं तेही बघू.

डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षाकंपनीच्या संशोधकांनी एक दोष जाहीर केला. नाव दिलं 'मिसफॉर्च्युन कुकी'. अनेक कंपन्यांच्या राउटरमध्ये एकच छोटा वेब सर्व्हर बसवलेला होता आणि कंपनीचं ते ७५४७ चं दार बऱ्याच ठिकाणी तोच सांभाळायचा. त्यात दोष शिरला २००२ मध्ये. तो बनवणाऱ्यांनी दुरुस्त केला २००५ मध्ये. आणि २०१४ मध्ये जगातल्या १८९ देशांत किमान १ कोटी २० लाख उपकरणं तीच जुनी आवृत्ती चालवत होती! दुरुस्ती तयार होती, ती पोहोचवायला दूरचं दारही होतं, पण नऊ वर्षांत तेवढी तसदी कुणी घेतली नाही.

मग आलं २०१६. मिराई नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर गोळा करायला सुरुवात केली. युक्ती काय होती? साठेक नाव-पासवर्डांची यादी. ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५६ अशी. एवढ्याच भांडवलावर लाखो उपकरणांची फौज उभी राहिली. २१ ऑक्टोबर २०१६ ला या फौजेनं डायन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशी नावं तासन् तास गायब झाली. ही डायन कोण? तीच, वूस्टरच्या विद्यार्थ्यांची! घराला बाहेरून पोहोचता यावं म्हणून जी सेवा सुरू झाली, तिलाच घराघरांतल्या उपकरणांनी पाडलं.

त्यानंतर सव्वा महिन्यानं, २७ नोव्हेंबर २०१६ च्या रविवारी, जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट बंद पडलं. काहींचा फोन आणि टीव्हीही. कारण? पोर्ट ७५४७. आयर्लंडमधल्या एका कंपनीच्या मोडेममध्ये काही दिवसांपूर्वी एक दोष सापडला होता. घराच्या आतूनच ऐकायच्या आज्ञा तो या बाहेरच्या दारातूनही ऐकायचा. मिराईच्या एका नव्या अवतारानं जगभर तेच दार वाजवायला सुरुवात केली. जर्मनीतल्या राउटरांमध्ये तो दोष नव्हता, ते बळकावले गेले नाहीत. पण दारावर सतत एवढी धडाधड झाली की त्यांनी मान टाकली. पुढे २९ वर्षांच्या एका ब्रिटिश तरुणाला लंडनच्या विमानतळावर पकडलं. जुलै २०१७ मध्ये कोलोनच्या कोर्टात त्यानं सांगितलं की लायबेरियातल्या एका टेलिकॉम कंपनीनं प्रतिस्पर्ध्याला पाडायला त्याला १० हजार डॉलर दिले होते, आणि फौज वाढवण्याच्या नादात जर्मनीतले राउटर मध्ये आले. आफ्रिकेतल्या दोन कंपन्यांचं भांडण आणि नेट बंद पडलं जर्मनीतल्या ९ लाख घरांचं.

आपणही सुटलो नाही. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात बीएसएनएलचे हजारो मोडेम एका हल्ल्यात बंद पडले. ज्यांचा कारखान्यातला पासवर्ड तसाच राहिला होता ते गेले. 'ग्राहकांनी पासवर्ड बदलावा,' असं कंपनीनं आवाहन केलं. पासवर्ड म्हणजे काय, तो कुठल्या पानावर बदलायचा, हे मोडेम बसवताना किती घरांत सांगितलं गेलं असेल, ते तुम्हीच आठवून बघा.

थोडक्यात, धोका दोन्ही दारांना होता. पण बंद झालं ते आपलंच. आणि ते सुरक्षेसाठी बंद झालं नाही, पत्ते संपले म्हणून झालं.

३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातल्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटले गेले. १५ एप्रिल २०११ ला आशिया-पॅसिफिकच्या वाट्यातला साठाही तळाला लागला, आणि त्यानंतर अर्ज करणाऱ्या कंपनीला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते असं रेशनिंग सुरू झालं. आता विचार करा. आपल्या तालुक्यांत, उपनगरांत फायबर टाकणारे बहुतेक छोटे ऑपरेटर त्यानंतरचे. ग्राहक दहा हजार, पत्ते हजार. मग एप्रिल २०१२ मध्ये आणखी एक राखीव पट्टा जाहीर झाला, १००.६४ पासून सुरू होणारा, साधारण ४२ लाख पत्त्यांचा. कंपनीनं आपल्या ग्राहकांना आतल्या आत हे पत्ते द्यायचे आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एक सार्वजनिक पत्ता. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या वॉचमनवर आता अख्ख्या टाउनशिपचा वॉचमन बसला, आणि हा दुसरा वॉचमन तुमचं ऐकत नाही. तुम्ही आपल्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा नाहीतर रिमोट मॅनेजमेंट चालू करा, बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

'पण माझ्या मोबाईलवर घरचा कॅमेरा दिसतो की!' दिसतो. कारण कॅमेरा आतून बाहेर, कॅमेरा विकणाऱ्याच्या सर्व्हरवर जातो, तुमचं ॲपही तिथंच जातं आणि दोघांची गाठ तिसऱ्याच्या घरी पडते. त्या तिसऱ्यानं उद्या वर्गणी लावली, दुकान बंद केलं, तर भिंतीवर कॅमेरा राहील आणि चित्र जाईल. घरातली बातमी घरच्याच माणसाला पोहोचवायला मध्यस्थ लागतो, आणि पत्ते नसल्यामुळे ही सवय आपल्या अंगवळणी पडली. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

पत्त्याचं दुसरं टोक पोलीस ठाण्यात आहे. २००७ साली ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण इंजिनिअरला पकडलं. आयपी ॲड्रेसवरून. ५० दिवस तो तुरुंगात होता. नंतर निघालं काय, तर इंटरनेट कंपनीनं त्या पत्त्याचा ग्राहक म्हणून चुकीचं नाव दिलं होतं. तेव्हा निदान एका वेळी एका पत्त्यामागे एक घर असायचं. आज सीजीनॅटमुळे एका पत्त्यामागे शेकडो घरं असू शकतात. नेमकं घर शोधायला वेळ आणि पोर्ट नंबर दोन्हींची बिनचूक नोंद लागते. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपोलनंच याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती, की गुन्हेगार सापडत नाही आणि निरपराध माणसं चौकशीत ओढली जातात.

शिवाय राउटरच बळकावला गेला तर? मे २०२५ मध्ये अमेरिकेत असे राउटर भाड्यानं देणारं जाळं उघडं पडलं. जुने, अपडेट बंद झालेले घरगुती राउटर ताब्यात घ्यायचे आणि गुन्हेगारांना ते वापरून 'साध्या घराच्या' पत्त्यामागे लपू द्यायचं. एफबीआयनं तेव्हा दिलेल्या इशाऱ्यात रिमोट ॲडमिनिस्ट्रेशन चालू असलेल्या जुन्या राउटरांचा खास उल्लेख होता. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये तर एफबीआयनं कोर्टाचा आदेश घेऊन शेकडो खासगी राउटरांमध्ये स्वतःच दुरून शिरून मालवेअर पुसलं. हेतू चांगला, कोर्टाची परवानगीही होती. पण म्हणजे चोर शिरू शकतो, कंपनी शिरू शकते, सरकार शिरू शकतं. न शिरू शकणारा एकच उरला, घरमालक.

बाकीच्या जगानं यावर काही केलंय का? केलंय. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानं ग्राहकाला स्वतःचा राउटर लावायचा हक्क आहे. कंपनीचाच वापरा अशी सक्ती करता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून सगळ्या उपकरणांना एकच कारखानी पासवर्ड देऊन ती विकता येत नाहीत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून तसंच, शिवाय सुरक्षा अपडेट किती काळ मिळणार ते विकतानाच सांगावं लागतं. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये बाधित उपकरणं साफ करायला सायबर स्वच्छता केंद्र सुरू झालं. दूरसंचार खात्यानं राउटरांच्या सुरक्षाचाचणीकडेही पावलं टाकली आहेत. चांगलं आहे. पण या सगळ्यात यंत्र सुरक्षित आहे का हे बघितलं जातं. त्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही.

आणि पत्त्यांचं कारण तरी आता किती दिवस चालणार? नवी पद्धत, आयपीव्ही६, हिचा पहिला आराखडा डिसेंबर १९९५ चाच, म्हणजे आपल्याकडे इंटरनेट आलं त्याच वर्षीचा. तिच्यात पत्ते इतके आहेत की प्रत्येक घराला कोट्यवधी देऊनही संपायचे नाहीत. २०१६ नंतर मोबाईल इंटरनेट फोफावलं तसा भारत या पद्धतीत जगात आघाडीवर गेला. तरीही घरच्या राउटरवर बाहेरून येणारं सगळं अडवलेलं असतं आणि ते उघडायची किल्ली पुन्हा कंपनीच्याच सेटिंगमध्ये. मुळात अडवलेलं असावं हे मलाही मान्य आहे. पण उघडायचं की नाही हे घरमालकानं ठरवावं.

मी काही सगळ्यांनी आजच रिमोट मॅनेजमेंट चालू करा असं सांगत नाहीये. उलट, गरज नसेल तर ते बंदच असू द्या. बाहेरून घरी पोहोचायचंच असेल तर राउटरचं पान जगाला दाखवण्यापेक्षा व्हीपीएनचा रस्ता धरा. पण पुढच्या वेळी केबलवाला किंवा कंपनीचा माणूस घरी आला की हे पाच प्रश्न नक्की विचारा:

१. या राउटरचा ॲडमिन पासवर्ड मला मिळेल का? नसेल तर का नाही?
२. कंपनी दुरून यात काय बघू शकते आणि काय बदलू शकते? बदल केला की मला कळवणार का?
३. याचं फर्मवेअर शेवटचं कधी अपडेट झालं आणि पुढे किती वर्षं होणार?
४. मला सार्वजनिक पत्ता आहे की सीजीनॅट? (राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा १० ने सुरू होत असेल तर तुम्ही मोठ्या वॉचमनच्या मागे आहात.)
५. मी माझा स्वतःचा राउटर लावला तर चालेल का?

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही, त्या पोरांनाही कुणी सांगितलेलं नसतं. तरी विचारा. विजेच्या मीटरचं रीडिंग आपण बघतो, गॅसचं सिलिंडर वजन करून घेतो, तसंच हे. एका इमारतीतल्या दहा जणांनी एकाच आठवड्यात हेच विचारलं तर ऑपरेटर वरच्या ऑफिसला फोन लावेलच.

तुम्हाला काय उत्तरं मिळाली ते खाली कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, गाव आणि उत्तर पुरे. पंधरा-वीस गावांची उत्तरं जमली की एकत्र करून ग्राहक पंचायतीकडे आणि ट्रायकडे पाठवायचा विचार आहे. शेअर करायला परवानगी विचारायची गरज नाही.